पायरीवरची जागा

एस्तेर, हॉलची किल्ली आता माझ्याकडे आली आहे. तुझ्या बहिणीने आणून दिली, त्या लाल लोकरीच्या गोंड्यासकट. तो गोंडा कुलपात अडकतो हे मी तुला किती वर्षं सांगत होते. हातात आल्याबरोबर कापून टाकणार होते. अजून टाकलेला नाही. कात्री जवळ नव्हती, एवढंच. तू उगाच दुसरं काही समजू नकोस.

चर्चमध्ये तुझ्यासाठी सभा झाली तेव्हा पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलं होतं. मी नको म्हटलं. बोलणारे पुष्कळ होते. प्रेमळ, सोशिक, कधी कुणाला दुखावलं नाही, असं सगळे म्हणाले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. सोशिक? कॅरमच्या पावडरवरून माझ्याशी भर हॉलमध्ये तंडणारी तू? त्या तुझ्याविषयी तिथे कोणी काही बोललं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

शिवाय एक काम अडलं होतं. तुला माती देऊन आल्यावर पुढच्याच बैठकीत कमिटीने मला विचारलं, शनिवारचा वर्ग चालू ठेवणार का? आणि ठेवणार असाल, तर त्या पायरीवरच्या मुलीचं काय? एक तर तिने सगळ्यांबरोबर आत बसावं, नाहीतर येऊ नये. आता एस्तेरबाई नाहीत, तर तो प्रकार थांबलेला बरा. पुढच्या रविवारपर्यंत सांगा, म्हणाले. "एस्तेरला विचारून सांगते" हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. कसेबसे गिळले.

सहावी ते आठवीची मुलं कुणालाच नको असतात. संडे स्कूलच्या बाकात त्यांचे गुडघे मावत नाहीत आणि तरुण संघातले कॉलेजवाले त्यांना पाणी आणायला पिटाळतात. वार्षिक सभेत हा विषय निघाला तेव्हा तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, "मी घेते यांना. शनिवारी दुपारी." मग माझ्याकडे न बघताच म्हणालीस, "मी आणि शैला." मी त्या सभेला हॉलच्या गळक्या पत्र्यांविषयी बोलायला आले होते. पत्रे पुढेही बरीच वर्षं गळले. वर्ग मात्र पुढच्याच शनिवारी सुरू झाला.

कामाची वाटणी आपोआप झाली. गाणी, गोष्टी आणि प्रश्न तुझे. नाश्ता, वेळ, नळ, चपला आणि कुणाला घ्यायला कोण येणार, हे माझं. मळवलीच्या बंगल्यांची देखभाल करणाऱ्या बाईला हेच जमणार, असं तू म्हणायचीस. चूक नव्हतं ते. पाहुणे यायच्या आधी चादरी आणि गेल्यावर मोडतोड, यात माझा आठवडा जातो. शनिवारीही तेच करायचे, फक्त पाहुणे बारा वर्षांचे.

तू सकाळची ड्यूटी संपवून स्टेशनवरून थेट यायचीस. रोज तिकिटाच्या खिडकीमागे बसून लोकांचं ऐकायची सवय, त्यामुळे मुलांचं काहीही ऐकून घ्यायचीस. सॅमने एकदा विचारलं, "आंटी, देवाला कंटाळा येतो का?" मी म्हणणार होते, वाह्यातपणा बंद कर. तू विचार केल्यासारखं करून म्हणालीस, "तुझी प्रार्थना ऐकताना येत असेल. रोज तीच असते." पुढच्या शनिवारी सॅमने नवी प्रार्थना करून आणली. त्यात त्याने देवाला मॅचचा स्कोअर सांगितला होता. तू डोळे मिटून पूर्ण ऐकलीस आणि मोठ्याने आमेन म्हणालीस.

गेल्या वर्षी, शाळा सुरू झाल्यावर रूथ आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीला घेऊन आली. नाव प्रज्ञा. गाव मळवली. बौद्ध कुटुंबातली. थ्रोबॉल असा फेकायची की आपली मुलं खाली वाकायची. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं, "घरी सांगून आलीस का गं?"

"व्हय," म्हणाली, चेंडूकडे बघत.

गिझर आधीपासूनच मोडलेला होता असं सांगताना पाहुण्यांची नजर जशी असते, तशी तिची होती. मी ओळखलं. ग्लास विसळताना तुला म्हटलंही, "हिच्या घरी माहीत नाही. मी जाऊन सांगते, वाटेवरच घर आहे."

"तू सांगितलंस तर ती चुगली होईल. तिलाच सांगू दे."

"ती नाही सांगायची."

"सांगेल गं. वेळ लागेल."

"एस्तेर, दिवस कसे आहेत? दुसऱ्याची पोर चर्चच्या आवारात, घरी पत्ता नाही. उद्या कुणी काही म्हटलं तर?"

"तर मी आहे ना," म्हणालीस. तुझं हे 'मी आहे ना' मला कधीच पटलं नाही. आता तर मुळीच नाही.

मग एका शनिवारी तिचे वडील आले. उर्से गावाच्या बाजूच्या कंपनीतून सुटून तसेच, अंगात युनिफॉर्म, मोटरसायकल फाटकात आडवी लावलेली.

"हितं मेन कोन हाय?"

तू पुढे झालीस. "मी. एस्तेर. बसा भाऊ."

"बसाया न्हाई आलो. माजी पोर हितं येती, ते मला कंपनीतला मानूस सांगतो. म्हनं, पोरगी चर्चला लावली का? माज्या आज्यानं लय इचार करून धर्म बदलला, बाई. गावानं पानी बंद केलं तरी हाटला न्हाई. आता परत परत बदलाया ती काय बनियान हाय?"

पोरं जिथल्या तिथे उभी. प्रज्ञा चेंडू पोटाशी धरून भिंतीला चिकटलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "मी एस्तेरला पहिल्या दिवसापासून सांगत होते, घरी कळवू म्हणून."

ते माझ्याकडे वळले. "तुमी कोन?"

"मी नाश्ता बघते."

"मग नाश्ता बगा."

यावरून तू मला किती छळलंस. कमिटीत, बाजारात, फोनवर, मी कुठे तावातावाने बोलायला लागले की हळूच म्हणायचीस, "शैले, नाश्ता बघ."

त्या दिवशी मात्र तू हसली नाहीस. म्हणालीस, "भाऊ, तुमचा राग बरोबर आहे. मी तुम्हाला येऊन भेटायला हवं होतं. तुमच्या पोरीला आम्हाला बदलायचं नाही. तिचा थ्रो तेवढा बदलायचाय, फार तिरका जातो." ते हसले नाहीत, पण खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात टेकला. मग बसले. मी चहा आणला, नाश्ताच बघायचा होता तर. चहा संपवून त्यांनी अट सांगितली. "खेळू द्या. खाऊ द्या. पर प्रार्थनेला बसवायचं न्हाई. तेवढा टाइम पोर भाईर."

"शब्द दिला," तू म्हणालीस.

त्यानंतर आपण नियम केला: कुठलंही नवं मूल आलं की आईवडिलांनी एकदा समक्ष येऊन भेटायचं. तो वाद मी जिंकले. मीच बरोबर होते आणि तू तसं कधी कबूल केलं नाहीस, तेवढं नोंदवून ठेवते.

पुढचा वाद मात्र तसाच राहिला.

दुसऱ्या शनिवारी शेवटच्या प्रार्थनेला मुलं गोल उभी राहिली. प्रज्ञाने दप्तर उचललं आणि बाहेर जाऊन सगळ्यात वरच्या पायरीवर बसली, चपलांच्या ढिगाशेजारी. तू सुरुवात करशील म्हणून मी मान खाली घातली. काहीच ऐकू येईना म्हणून वर बघितलं, तर तू दारात. शाल खांद्यावर टाकत होतीस.

"शैले, आज तू घे."

"म्हणजे?"

"मी बाहेर बसते."

मी घेतली. माझी प्रार्थना तुला माहीतच आहे: आभार, आजारी माणसं, परीक्षा, आमेन. मुलं डोळे उघडून एकमेकांकडे बघत होती, इतक्या लवकर सुटका कशी झाली म्हणून. त्यानंतरचा प्रत्येक शनिवार तसाच. आत मी, बाहेर तुम्ही दोघी. खिडकीच्या गजांतून तुमच्या पाठी दिसायच्या.

मी चिडले होते. तुला म्हटलं, "प्रार्थनेच्या वेळी वर्ग चालवणारीच बाहेर? हे काय?"

"भाऊंनी शब्द घेतला तो तिला प्रार्थनेला न बसवण्याचा. एकटं बसवण्याचा नाही घेतला."

"आत वीस मुलं आहेत आणि बाहेर एक. आता मला त्या हरवलेल्या एका मेंढराची गोष्ट सांगू नकोस."

"ती हरवलेली नाहीच मुळी. तिला तिचं घर पक्कं ठाऊक आहे," म्हणालीस. "म्हणून तर तिच्याजवळ बसायला बरं वाटतं."

मग मी माझ्या मनातलं खरं काय ते बोलले. अगं, हे दिसतं कसं? देवाच्या घराबाहेर, पायरीवर, चपलांपाशी आणि तीही त्यांची मुलगी. त्यांच्या किती पिढ्यांना असंच बाहेर बसवलं. आपल्याही. आपल्या पणज्यांनी कुठल्या कुठल्या देवळांच्या पायऱ्या बाहेरूनच बघितल्या. आता आपल्याच दारात आपणच कुणाला तरी तसं बसवायचं?

तू ग्लास पुसत होतीस. पुसून उपडा ठेवलास. "म्हणूनच तिथे बसते," म्हणालीस.

पटलं मात्र नाही. मला वाटत राहिलं की यापेक्षा नीट काहीतरी करता आलं असतं. भाऊंशी पुन्हा बोलता आलं असतं, प्रार्थनेची वेळ बदलता आली असती. तू म्हणालीस, "नीट म्हणजे तुझ्यासारखं. चादरीला एक सुरकुती दिसता कामा नये." मी दोन दिवस तुझा फोन घेतला नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. मला त्या पायरीचा हेवा वाटायचा. माझ्याशी तू कॅरम, पत्रे, नाश्ता याच विषयांवर बोलायचीस आणि भांडायचीस. तिथे त्या मुलीशी काय बोलत असशील? गोष्टी सांगत असशील, तिच्या मनातलं विचारत असशील. कधीतरी विचारू म्हटलं आणि विचारलं नाही. विचारणं म्हणजे त्या पायरीला मान्यता दिल्यासारखं झालं असतं.

आणि एक गोष्ट मान्य करते. तू उठून बाहेर जायला लागलीस म्हणून मी चारचौघांत बोलून प्रार्थना करायला लागले. त्याआधी आयुष्यभर मान खाली घालून दुसऱ्यांच्या प्रार्थनेला आमेन म्हणत आले होते. माझी प्रार्थना छोटीच राहिली, पण आता अडखळत नाही. तू असतानाच एकदा रूथची आई म्हणाली, "शैलाताई, छान बोलता." हे तुला सांगितलं असतं तर डोक्यावर चढून बसली असतीस, म्हणून तेव्हा सांगितलं नाही.

तू गेल्याचं मला कळलं तेव्हा मी एका बंगल्याच्या गच्चीवर गाद्या उन्हात टाकत होते. फोन खिशात ठेवला, उरलेल्या गाद्या टाकल्या आणि मग निघाले. पाहुणे येणार होते. रडू मला तीन-चार दिवसांनी आलं, हॉलमधली कॅरमची पावडर संपलेली बघून. मूर्खपणाच.

कबरस्तानात गर्दी होती. स्टेशनवरचे झाडून सगळे आले होते. फाटकाबाहेर प्रज्ञा आणि तिचे वडील उभे होते. त्यांच्या हातात पांढऱ्या शेवंतीची फुलं. मी जवळ गेले.

"बाई, आत यायला चालतं का?" त्यांनी विचारलं.

"चालतं की. या."

"म्हंजी आमी..."

"सगळे मातीच टाकायला आलेत भाऊ. या."

आले. दोघांनी माती टाकली, फुलं ठेवली. परत निघताना फाटकाशी थांबले. म्हणाले, "तुमी नाश्तावाल्या बाई ना?"

"हो."

"रागात बोललो तवा. मनावर घेऊ नका." मग तुझ्या कबरीकडे बघत राहिले. "अट घातली मी. पर पुढल्या टायमाला पोरीला न्यायला आलो तर ती पायरीवर बसलेली. म्हनलं, आरं, हे काय करून बसलो मी? आज्याला काय तोंड दावू? पोरीला घरी नेऊन परत धाडनार न्हवतो. तेवढ्यात ह्या दिसल्या, तिच्या शेजारी. तशाच पायरीवर. म्हनलं, ऱ्हाऊ दे."

मी विचारलं, "भाऊ, आता आत बसवलं तर चालेल का?"

"पोरीला इचारा," म्हणाले. "ती सांगंल ते."

म्हणजे एस्तेर, ज्या वादावर आपण वर्ष घातलं, तो या माणसाच्या मनात पहिल्याच दिवशी तुझ्या नुसत्या बसण्याने मिटला होता. तुलाही ते माहीत नव्हतं. असतं तर मला ऐकवल्याशिवाय राहिली नसतीस.

कालच्या शनिवारी वर्ग उघडला. गोंडा कुलपात अडकलाच. मुलं आली ती न बोलता, एकेक करून. मी पोहे केले होते, कारण कांदे चिरायला बसलं की कुणी काही विचारत नाही. नाताळच्या नाटकाचं ठरवायचं होतं. "मला उंटावरचा ज्ञानी माणूस नको, उंट करा," सॅम म्हणाला. "उंटाला दोघं लागतात, मागचा कोण?" असं रूथने विचारल्यावर सगळ्यांनी एकदम एकमेकांकडे बोटं दाखवली आणि हॉलमध्ये पहिल्यांदा हसणं ऐकू आलं. पडदा ओढायचं काम प्रज्ञाने मागून घेतलं. घरून परवानगी आणली होती: पडदा ओढायला हरकत नाही.

प्रार्थनेची वेळ झाली. मुलं गोल उभी राहिली. प्रज्ञाने दप्तर उचललं. मी तिला दारात गाठून हळू आवाजात विचारलं, "आज आत थांबतेस का? बाबा म्हणालेत, तू सांगशील तसं."

तिने आत बघितलं, मग पायरीकडे. "नको आंटी. माझी जागा बाहेर आहे ती बरी आहे. मला येणं बंद नाही ना करणार?"

कमिटीने जो प्रश्न मला नीट शब्दांत विचारला होता, तोच तिने चप्पल पायात सरकवत विचारला.

"नाही," मी म्हटलं.

ती जाऊन बसली. शेजारची जागा तशीच मोकळी ठेवून बसली, भिंतीकडची. मी आत आले. वीस माना खाली. सगळे माझ्या आभार, आजारी, परीक्षाची वाट बघत होते. मी गजांतून बघितलं. एकच पाठ.

"रूथ, आज तुम्हीच करा," मी म्हटलं.

"आम्ही? कोण?"

"ते तुम्ही ठरवा. भांडायचं तर हळू भांडा."

आणि मी बाहेर जाऊन बसले. पायरी थंडगार असते, एस्तेर. हे कधी बोलली नाहीस. आतून कुजबुज येत होती, "तू कर", "मी का?" शेवटी विचारलं, "तुम्ही दोघी इथे काय बोलायचात गं?"

प्रज्ञा चपलांचे जोड लावत होती. "काही नाही. आंटी झोपायच्या."

"काय?"

"भिंतीला डोकं टेकून. बसल्या की लगेच झोप लागायची त्यांना. लय दमलेल्या असायच्या. म्हणायच्या, आतून आमेन ऐकू आलं की मला उठव. मी उठवायचे." मग म्हणाली, "कुणाला सांगू नकोस म्हणाल्या होत्या. शैला आंटीला तर अजिबात नको. त्या लगेच डॉक्टरकडे नेतील."

नेलं असतंच. फरफटत नेलं असतं.

तुझी बहीण नंतर म्हणाली, डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच तुला विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. तू विश्रांती घेत होतीस तर. शनिवारी, चपलांपाशी, जेमतेम प्रार्थनेपुरती. आणि मी आत उभी राहून तुमच्या गहन गप्पांचा हेवा करत प्रार्थना आटोपती घेत होते. लांबवली असती, तर तुला तेवढीच जास्त झोप मिळाली असती. तुझा राग आला, एस्तेर. अजून आहे. मला सोडून सातवीतल्या एका मुलीपुढे तू डोळे मिटलेस. पण तिने तुझं गुपित सांभाळलं आणि तुला वेळेवर उठवलं, हेही खरं. तुझी निवड चुकली नव्हती.

आत कोणीतरी सुरुवात केली. सॅम होता. आधी कॅरमचा हरवलेला स्ट्रायकर सापडू दे म्हणाला, मग उंटाचा मागचा माणूस मिळू दे. नंतर तुझं नाव घेतलं आणि त्याचा आवाज चिरकला. मग रूथने पुढे सुरू केलं. मग आणखी कुणी. ती प्रार्थना काही लवकर संपणारी नव्हती. कमिटीला काय सांगायचं ते मी तिथेच ठरवलं: वर्ग राहील, पायरीवरची जागा राहील आणि तिच्या शेजारची माझी. बरं दिसतं की नाही ते ज्याने त्याने येऊन बघावं.

"आंटी," प्रज्ञा म्हणाली, "तुम्ही पण झोपा हवं तर. मी आहे."

मी भिंतीला डोकं टेकलं. तिथे तुझ्या तेलाचा डाग पडला आहे, चुना मारून घ्यायला हवा. डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवण्यासारखे राहिले नव्हते. आत मुलं एकामागून एक बोलत होती. मग सगळ्यांचं मिळून एक आमेन ऐकू आलं, आणि खांद्याला हात लागला.

मी जागीच होते. तिला तसं सांगितलं नाही.